सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे गप्प, रिजेक्शन मात्र दुपारी कळतं: काय तपासावं, काय बदलावं

तक्रार नेहमीची आहे. सकाळी सातला शिफ्ट सुरू होण्याआधी आपण सगळ्यांना पाच मिनिटं उभं करतो आणि विचारतो, "काही अडचण?" कुणी बोलत नाही. कुणी बुटाकडे बघतो, कुणी घड्याळाकडे. मशिनं सुरू होतात. दुपारी तीनला क्वालिटीवाला नापास पीसचा लाल ट्रे घेऊन येतो आणि कळतं की सकाळी नऊपासून माप गेलेलं होतं, ऑपरेटरला ते माहीत होतं, तरी तो बोलला नाही. आपण सगळ्यांसमोर ओरडतो. त्यातून एक-दोघं सुधारतात, एक आणखी गप्प होतो आणि एक पुढचा पगार हातात पडला की येणंच बंद करतो. नवा माणूस येतो, दोन-तीन महिने बरा चालतो आणि परत तेच.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. सहा सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिनं), दोन शिफ्ट मिळून बावीस माणसं. हा बिघाड आमच्याकडे चार वर्षांत तीनदा आला. तिन्ही वेळा माझं निदान एकच होतं, पोरं बेफिकीर आहेत. तिन्ही वेळा ते चुकीचं निघालं. त्यात माणसं गेली आणि मालही गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माणसाचा स्वभाव काढण्याआधी

मशीन बंद पडलं तर आपण आधी लाईट बघतो, हवेचं प्रेशर बघतो, तेल बघतो. स्पिंडल उघडायला कुणी पहिल्या मिनिटाला बसत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण थेट स्वभावापासून सुरुवात करतो.

आमच्याकडचा हिशेब सांगतो. बुशचा (मधे भोक असलेल्या गोल भागाचा) जॉब, सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, २ मिनिटं. शिफ्टमधून जेवण, चहा, साफसफाई वजा जाता हातात ४३५ मिनिटं. भागाकार केला की २१७ पीस, म्हणून टार्गेट २१० ठेवलेलं. पण शिफ्टमध्ये दोनदा इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, बदलावा लागतो. बदलायला दहा मिनिटं, त्यानंतरचा पहिला पीस क्वालिटीकडून पास होऊन येईपर्यंत पंधरा. दोन वेळची ५० मिनिटं वजा केली की उरतात ३८५, म्हणजे १९२ पीस. २१० गाठायचे तर काहीतरी टाळावंच लागतं, आणि टाळण्याजोगी एकच गोष्ट असते: थांबणं आणि सांगणं. तिथे बडबड्या माणूसही गप्प बसेल. आम्ही टार्गेट १९० केलं आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला. हा अर्धा प्रश्न मी वर्षभर माणसांच्या स्वभावात शोधत होतो.

दुसरं, दोन साहेब दोन गोष्टी सांगतात का ते बघा. पहिल्या शिफ्टचा म्हणतो ऑफसेटला, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या मापाची जी दुरुस्ती देतात तिला, हात लावायचा नाही, दुसऱ्या शिफ्टचा म्हणतो स्वतः ऑफसेट द्या, मला बोलावू नका. शिफ्ट बदलली की माणूस दोघांच्याही तडाख्यातून वाचण्यासाठी तोंड बंद ठेवतो. तिसरं, माप तपासायचा गेज झिजलेला नाही ना. हे दोन दिवसांत तपासून होतं. एवढं करूनही गप्पपणा राहिला तर पुढे वाचा.

गप्प, पण कसा गप्प?

माझी सगळ्यात मोठी चूक ही की गप्प बसणारा माणूस म्हणजे एकाच जातीचा माणूस असं मी धरून चाललो. आपल्या भाषेत या गप्पपणाला किती शब्द आहेत बघा. भिडस्त, घुमा, मुखदुर्बळ, मानी, आतल्या गाठीचा, अबोल. आजी-आईच्या तोंडी हे शब्द सहज यायचे आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असायचा. आपण कारखान्यात आलो आणि सगळ्यांवर मिळून 'इंटरेस्ट नाही' असा एक शिक्का मारून मोकळे झालो.

भिडस्त माणूस बोलत नाही, कारण समोरच्याला त्रास द्यायचं त्याच्या जिवावर येतं. घुमा बोलत नाही, कारण तो सगळं आत साठवतो. मानी माणूस बोलायचा, पण एक दिवस त्याचा मान दुखावला आणि त्यानं बोलणं काढून घेतलं. तिघंही मीटिंगमध्ये सारखेच उभे असतात. उपाय मात्र तिघांना तीन, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की बिघाड वाढतो.

भिडस्त माणसाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण असा माणूस बहुतेक शॉपमध्ये असतो आणि सर्वात जास्त नुकसान त्याच्याच बाबतीत होतं.

चार नंबर मशीनवर लातूरकडचा एक मुलगा होता, आयटीआय केलेला. हात स्वच्छ, व्हर्नियर पुसून डबीत ठेवणारा. बुशचा बोअर (आतलं भोक) २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. २१ मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या २१ हजारांशांत, खेळायचं. बोरिंगचा इन्सर्ट झिजत गेला की बोअर हळूहळू लहान होत जातो, गो गेज, जो बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवा, आधी घट्ट जायला लागतो, मग जातच नाही. त्या दिवशी सकाळी सातला पहिला पीस पास झाला. नव्वदाव्या पीसच्या आसपास गेज घट्ट लागायला लागला. दहा मायक्रॉन ऑफसेट दिला असता तर विषय संपला असता. त्यानं दिला नाही आणि मला सांगितलंही नाही. ६४ पीस लहान निघाले.

बोअर लहान म्हणजे पुन्हा कापून रीवर्क होतो, असं कागदावर सोपं वाटतं. पण पीस पुन्हा चकमध्ये (मशीनच्या पकडणाऱ्या जबड्यात) धरला की पहिल्या सेटिंगचं केंद्र परत मिळत नाही. बाहेरच्या व्यासाशी रनआउट जातं, म्हणजे भोक आणि बाहेरचा व्यास एका केंद्रावर राहत नाहीत. ६४ पैकी २७ भंगारात गेले.

मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "डोळे कुठे होते?" तो काही बोलला नाही. मी आणखी चिडलो. माझा स्वभाव तापट आहे आणि समोरचा गप्प राहिला की मला तो उद्धटपणा वाटतो. नंतर टूल रूममध्ये, इन्सर्ट परत करायला आला तेव्हा, तो खाली बघत म्हणाला, "साहेब, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, न विचारता ऑफसेटला हात लावायचा नाही. म्हणून लावला नाही. आणि तुम्ही कस्टमरसोबत बसला होतात. दोनदा दारापर्यंत येऊन गेलो."

दोनदा दारापर्यंत येऊन गेला होता. काचेच्या दारातून मला तो दिसलाही होता आणि 'हा मशीन सोडून फिरतोय' असं माझ्या मनात आलं होतं.

भिडस्त माणसाला अधिक जोरात 'बोलत जा' असं सांगून उपयोग नाही. त्याला बोलावंच लागणार नाही अशी सोय करून द्यावी लागते. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असायची, आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी बटण आहे. अडचण दिसली की दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर स्वतः चालत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. ही गोष्ट मी ट्रेनिंगमध्ये ऐकली होती, पण तेव्हा ती मोठ्या कारखान्याची चैन वाटली होती. आम्ही केलं ते एवढंच: प्रत्येक मशीनला हुकवर एक पिवळी पाटी. गेज घट्ट लागला, आवाज बदलला, शंका आली, की पाटी पॅनलवर लावायची आणि जागेवर थांबायचं. साहेबाकडे जायचं नाही, साहेबानं यायचं. कोण आत बसलंय, फोनवर आहे का, हे बघायची जबाबदारी त्याच्यावरून निघाली. सोबत ऑफसेटचा नियम लेखी लावला: दहा मायक्रॉनपर्यंत स्वतः द्या आणि वहीत लिहा, त्यापुढे पाटी.

पहिल्या आठवड्यात चार नंबरवर पाटी अकरा वेळा लागली. त्यातल्या सात वेळा काहीच नव्हतं. त्या सातही वेळा मी गेलो, गेज घालून बघितला आणि 'बरं केलंस' एवढं म्हणून परत आलो. तिथे एकदा जरी कपाळाला आठी दिसली असती तर पाटी हुकवरच राहिली असती.

आता मानी माणूस. आमच्याकडे मामा आहेत, पन्नाशी उलटलेले. साध्या लेथवर तीस वर्षं काढलेली, टूल स्वतः ग्राइंडरवर धार लावून घेणारे. नवीन क्वालिटी इंजिनिअरनं, वय तेवीस, एकदा त्यांना हेल्परसमोर सांगितलं, "मामा, मायक्रोमीटर असा धरत नाहीत." त्या दिवसापासून मामा एक वाक्य बोलायला लागले: "तुम्ही सांगाल तसं, साहेब." ऐकायला आज्ञाधारक, पण हा बिघाडाचा सगळ्यात घातक आवाज आहे. जॉबमध्ये चूक दिसत असली तरी ते ड्रॉइंगप्रमाणे चूकच करून देत होते, कारण सांगितलं तसं करायचं होतं ना.

मामांना पिवळ्या पाटीनं काही झालं नाही. उलट म्हणाले, "आता आम्ही पाटी लावायची का?" त्यांना पाटी म्हणजे शाळा वाटली. त्यांच्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. चूक सांगायची तर मी स्वतः, चहाच्या वेळी, शेजारी बसून, तीही विचारून: "मामा, इथे रनआउट का येत असेल?" आणि नवा फिक्स्चर (जॉब धरून ठेवायची चौकट) आला की पहिला जॉब त्यांच्याकडे, इंजिनिअरनं त्यांच्याकडे जाऊन विचारायचं. त्या इंजिनिअरला मी वेगळं घेऊन समजावलं. त्याचा मुद्दा बरोबर होता, मायक्रोमीटर खरंच चुकीचा धरला होता. जागा चुकली होती. त्या वर्षी खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली तेव्हा नारळ मामांच्या हातात दिला. मी ते डाव म्हणून केलं नाही, तो मान त्यांचाच होता आणि आम्ही तो इतकी वर्षं साहेब लोकांना देत होतो. महिन्याभरानं एका सकाळी ते स्वतः केबिनमध्ये आले, ड्रॉइंग टेबलावर ठेवलं आणि बोट ठेवून म्हणाले, "हे चॅम्फर या टूलनं निघणार नाही, आधीच सांगतो." 'आधीच सांगतो' हे शब्द ऐकून मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

घुम्या माणसाच्या बाबतीत मात्र मी हरलो आहे. व्हीएमसीवरचा आमचा सगळ्यात हुशार मुलगा. विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही साहेब, ठीक आहे." बुधवारी पगार झाला, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी आला नाही. फोन बंद. पंधरा दिवसांनी त्याच्या रूमवरच्या मुलाकडून कळलं की आठ महिन्यांपूर्वी त्याला सेटर (मशीन सेट करून देणारा) करतो असा शब्द दिला होता आणि सेटर दुसराच झाला. शब्द मीच दिला होता. मी विसरलो, तो विसरला नाही. आता असा माणूस दिसला की मी 'कसं चाललंय' विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ठीकच येतं. नेमकं विचारतो: "या महिन्यात कुठली गोष्ट मनाविरुद्ध झाली?" आणि मग थांबतो. पहिल्या दोन-तीन वेळा काही येत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दहा मिनिटं. आणि दिलेला शब्द माझ्या डायरीत तारखेसह लिहून ठेवतो.

चौथा गप्प म्हणजे ज्याला आपलं बोलणंच कळलेलं नाही. झारखंडचा एक ऑपरेटर वर्षभर मान हलवत होता, "समझ गया सर." मी भरभर मराठीत बोलायचो. त्याला भित्रा ठरवून बसलो होतो. त्याला ड्रॉइंगवर महत्त्वाची तीन मापं पेननं गोल करून दिली आणि हिंदीत सांगितलं. विषय संपला.

आणि काही माणसं नुसती अबोल असतात. काम चोख, मन साफ, गप्पा नकोत. त्यांना कृपा करून सोडून द्या. त्यांना बोलतं करण्याची मोहीम काढू नका.

कोण कसा, हे ओळखायचं कसं

मीटिंगमधला चेहरा बघून कळत नाही. खराब पीस कुठे जातो ते बघा. चूक लक्षात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत माणूस त्या पीसचं काय करतो, यात बरंच कळतं. कुणी तो मशीनच्या पॅनलवर उभा करून ठेवतो, कुणी येईल, बघेल, विचारेल म्हणून. हा भिडस्त, त्याला सांगायचंय. कुणी मशीनखाली सरकवतो. हा घाबरलेला, आणि बहुतेक वेळा त्याला घाबरवणारे आपण असतो. कुणी चांगल्या मालात मिसळतो. इथे मात्र गंभीर व्हा, पण आधी टार्गेट तपासा. कुणी हातात घेऊन चार मशिनं फिरून दाखवतो, "हे बघ काय झालं." तो बोलका.

दुसरं, माणूस कुठे बोलतो ते बघा. मीटिंगमध्ये मुका असणारा चहाच्या टपरीवर बोलतो. एक जण तर समोर शब्द काढत नाही, पण रात्री साडेदहाला व्हॉट्सअपवर पाच ओळींचा नीट मेसेज पाठवतो, काय झालं, किती पीस, काय करायला हवं. वर्षभर मी त्याला सांगत होतो, "समोर बोलत जा." कशासाठी? त्याला शिफ्टच्या शेवटी लिहायला वही दिली. आमच्या दोन्ही शिफ्टमधला सगळ्यात कामाचा हँडओव्हर आज त्याचा आहे.

बोलक्याबद्दल थोडक्यात: तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणून बाकीच्यांना द्यावं लागत नाही. त्याला मीटिंगआधी दोन मिनिटं भेटा, त्याचं ऐकून घ्या, मग मीटिंगमध्ये त्याला शेवटी विचारा. सगळ्यांसमोर ओरडलेलं यालाच चालतं, संध्याकाळी तो हसत भेटतो. त्याच्यावर ओरडून फरक पडला, म्हणून मी सगळ्यांवर ओरडायला शिकलो. बिघाडाची सुरुवात तिथेच होती.

टेस्ट घ्यावी का?

आमच्याकडे एका सल्लागारानं चार अक्षरी टाईप काढणारी टेस्ट घेतली. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ मध्ये मांडलेल्या प्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती पुढे तयार केली, त्यात सोळा प्रकार आहेत. दिवसभर मजा आली, सगळे एकमेकांबद्दल बोलले, हा फायदा खरा. पण टाईपचे स्टिकर लॉकरवर लागले आणि तीन आठवड्यांत एक जण उशिरा आल्यावर म्हणाला, "माझ्या टाईपमध्येच आहे ते." माणूस बहिर्मुख किंवा अंतर्मुख अशा दोन डब्यांत बसत नाही, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. मानसशास्त्रात आता जास्त मानली जाते ती पाच गुणांची पद्धत, आणि तिच्यात प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात मोजतात. या पद्धतीची मुळं शब्दांत आहेत हे मला फार आवडलं. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द वेचले होते. माणसं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या निरखतात आणि जे दिसलं ते भाषेत साठवतात, असा त्यामागचा विचार. आपल्या आजीचा 'भिडस्त' तिथूनच येतो. टेस्ट घ्यायची तर घ्या, पण तिच्यावरून कुणाला मशीन, शिफ्ट किंवा बढती देऊ नका. आम्ही स्टिकर काढून टाकले.

टेस्टपेक्षा सोपं आहे ते थेट विचारणं. कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला विचारतो, "चूक झाली तर तुला कसं सांगू?" आधी माणूस गोंधळतो, असं कुणी विचारलेलं नसतं. मग उत्तर येतं. "तिथल्या तिथं सांगा, मनात ठेवू नका." "घरी फोन करू नका फक्त." "भावासमोर नको", भाऊ शेजारच्या मशीनवर असतो. कुठल्याही टेस्टमध्ये हे निघालं नसतं.

मीटिंगमधला प्रश्नही बदलला. "काही अडचण?" याला 'नाही' हेच उत्तर असतं. आता विचारतो, "काल दोन नंबरला ऑफसेट किती वेळा दिला?" आकडा सांगायला धीर लागत नाही.

आणि स्वतःसाठी एक. लाल ट्रे दिसला की मी आधी गेजची पेटी हातात घेतो, मशीनपर्यंत चालत जातो आणि स्वतः तीन पीस तपासतो. तोपर्यंत दोन-तीन मिनिटं गेलेली असतात आणि आवाज खाली आलेला असतो. तापट माणसानं आधी स्वतःचा स्वभाव तपासावा, बाकीच्यांचा नंतर.

उपाय केल्यावर येणाऱ्या दोन नव्या तक्रारी

पहिली वरून येते. रिजेक्शनचा आकडा वाढतो. आमच्याकडे पाटी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत नोंदलेलं रिजेक्शन वाढलं आणि मालकांनी मला बोलावून घेतलं. घाबरू नका. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण नोंदी जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका जास्त करत नव्हती, त्या उघड बोलत होती. मालकांना मी कस्टमरकडून परत येणाऱ्या मालाचा आकडा शेजारी ठेवून दाखवला, तो कमी होत होता. हे दोन आकडे पहिल्या दिवसापासून वेगवेगळे ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात उपाय बंद करायला सांगतील.

दुसरी तक्रार खालून येते आणि ती जास्त खरी असते. "त्याला बाजूला नेऊन गोड बोलता, मला सगळ्यांसमोर." पक्षपात. याला उत्तर नसेल तर सगळं कोसळतं. मी पोरांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी सूट, ड्रॉइंगवर छापलेला असतो, तो मटेरियल बघून बदलत नाही. फीड आणि स्पीड (टूल किती सरकवायचं, किती वेगानं कापायचं) मात्र मटेरियल बघूनच ठरवतो. कास्ट आयर्न कोरडं चालतं. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) वर टूल नुसतं घासत राहिलं तर वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट आणखी जड जातो. हे ऐकून एक जण म्हणाला, "म्हणजे मी एसएस आहे, मला घासू नका." सगळ्यांना पटलं. पण ते पटण्यासाठी ड्रॉइंग खरोखर सगळ्यांना एकच लागतं. उशिरा आलं की काय, माल मिसळला की काय, नोंद केली नाही तर काय, हे बोर्डावर लिहिलेलं आहे आणि बोलक्या, मानी, भिडस्त सगळ्यांना सारखंच लागू आहे. मामांनाही. एकदा त्यांचा अर्धा दिवस कापला गेला, ते काही बोलले नाहीत.

इथे स्वभाव बघायचा नाही

दरवाजा उघडला की मशीन थांबवणारा इंटरलॉक बायपास करून मशीन चालवणं, हातमोजे घालून ड्रिलवर उभं राहणं, फिरत्या चकमधली चिप हातानं ओढणं. इथे माणूस हळवा आहे का करारी, याचा विचार करायचा नाही. तिथल्या तिथे मशीन बंद, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. नंतर शांतपणे बोलता येतं. बोट परत येत नाही.

आणि एखादा बोलका माणूस अचानक गप्प झाला तर तो स्वभाव नसतो, घरी काहीतरी झालेलं असतं. आजारपण, कर्ज, किंवा सलग रात्रपाळीनं न मिळालेली झोप. त्याला पद्धत नको, सुट्टी हवी असते किंवा उचल.

सुपरवायझर बदलला की परत पहिल्यापासून

हा बिघाड परत परत येतो त्याचं शेवटचं कारण हे. मी ओळखलेलं माझ्याच डोक्यात राहतं. मी रजेवर गेलो, दुसऱ्या शिफ्टचा साहेब आला, त्यानं भिडस्ताला सगळ्यांसमोर झापलं आणि चार महिन्यांची मेहनत एका सकाळी गेली. म्हणून आता एक वही आहे. तिच्यात स्वभाव लिहायचा नाही, 'हा भिडस्त', 'हा हेकट' असं काही नाही. फक्त कसं सांगायचं ते लिहायचं. 'चार नंबर: बाजूला घेऊन सांगा. नियम लेखी द्या.' 'सहा नंबर: तिथल्या तिथं.' ज्याचं पान त्याला दाखवता येणार नाही, असं एक अक्षरही लिहायचं नाही, आणि दर सहा महिन्यांनी ते पान त्याच्यासमोर ठेवून विचारायचं, हे बरोबर आहे का. माणसं बदलतात, पानं तशीच राहतात आणि मग त्यांचेही स्टिकर होतात.

गेल्या दिवाळीआधी चार नंबरच्या त्या मुलासमोर त्याचं पान ठेवलं. त्यानं वाचलं, माझ्या खिशातलं पेन मागितलं, 'बाजूला घेऊन सांगा' यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'तिथेच सांगितलं तरी चालेल. आधी गेज लावून बघा.'